पाण्याकडे पाठ

विश्रांतवाडी, पुणे
१२ जानेवारी

अहो,

मायना काय लिहावा यातच अर्धा दिवस गेला. शाळेत आम्हाला वडिलांना पत्र, मैत्रिणीला पत्र आणि मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज शिकवला होता. रुसून समुद्रावर जाऊन बसलेल्या नवऱ्याला काय लिहायचं ते बाईंनी शिकवलं नाही. म्हणून 'अहो'. उभा संसार याच हाकेवर चालला, पत्रातही तेच चालवून घ्या.

पत्र लिहायची पाळी आली कारण तुम्ही फोन उचलत नाही. विश्वजीतचा उचलत नाही हे मी समजू शकते, तुमचं भांडण त्याच्याशी आहे. पण वैष्णवीने काय केलं? लाडकी लेक ना ती? रंगनाथभावजी तेवढे फोन घेतात आणि 'बरा आहे, जेवतो, काळजी नको' एवढं बोलून ठेवतात. तुम्ही त्यांना शपथ घातली असणार. कारखान्यातली मैत्री, ते शपथ पाळणारच.

आता मुद्द्याचं. गेल्या गुरुवारी मी कांदळ्याला येऊन गेले.

कुणाला सांगितलं नव्हतं. विश्वजीतला म्हटलं, वैष्णवीकडे कात्रजला जाते. वैष्णवीला काहीच म्हटलं नाही. स्वारगेटहून एसटीत बसले, घाटात दोनदा उलटी झाली, आणि पहाटे कंडक्टरने खाडीच्या अलीकडेच उतरवलं. म्हणाला, पूल दुरुस्तीला काढलाय, पुढे लाँचने जा. मी जन्मात लाँच बघितली नव्हती. आमचं पाणी म्हणजे कळसची विहीर आणि आळंदीची नदी, तीही काठावरून.

लाँचमध्ये मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेतलेल्या बायका होत्या, एक मास्तर होते, आणि एक माणूस नवाकोरा फ्रीज मिठीत धरून उभा होता. लेकीला द्यायचा म्हणे. लाँच चालवणारे सोनबा माझ्याच वयाचे. खाडीच्या तोंडातून बाहेर पडून, किनारा धरून, डोंगराला वळसा घालून कांदळे बंदर, असा रस्ता त्यांनी मला सांगितला. रस्ता म्हणजे पाणीच. तेवढ्यात धुकं उतरलं. ते लोक त्याला धुई म्हणतात. आधी डोंगर गेला, मग किनारा गेला, मग फ्रीजवाल्याचं डोकं दिसेना, नुसता फ्रीज दिसायला लागला.

सोनबांनी इंजिन बंद केलं. मला वाटलं, बिघडलं. ते म्हणाले, "बिघडला नाय. ऐकतोय." त्यांच्या मोबाइलवर आपण कुठे आहोत ते दिसत होतं, पण पुढ्यात दुसरी होडी आहे की नाही ते दिसत नव्हतं. सगळे गप्प बसले. पाणी लाँचच्या अंगाला चाटत होतं तेवढाच आवाज. मी मनात म्हटलं, प्रेमला, तुला कुणी सांगितलं होतं.

आणि मग ऐकू आलं. ठण्ण. थोड्या वेळाने पुन्हा ठण्ण. आमच्या शाळेत रुळाच्या तुकड्यावर घंटा द्यायचे, अगदी तसं. सोनबांनी इंजिन सुरू केलं आणि त्या आवाजाकडे तोंड फिरवलं. जरा गेलो की बंद करायचं, ऐकायचं, पुन्हा सुरू. मी विचारलं, कोण देतंय ठोके? तर म्हणाले, रंगनाथशेठचे पाहुणे आहेत, घाटावरचे. धुई पडली की आपणहून धक्क्यावर जाऊन उभे राहतात. लाँच लागली, आता पुरे म्हटलं तरी हात थांबत नाही.

खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं. मी पदर सारखा केला. म्हटलं, रागावलेला माणूस असे ठोके देत नाही.

धक्क्याला लागलो. फ्रीज उतरवायला सगळे धावले. तुम्ही पलीकडे, लोखंडी रूळ टांगलेल्या खांबापाशी होतात, पाण्याकडे पाठ करून. तपकिरी मफलर, माझ्याच हातचा. मी हाक मारली. अहो. धक्क्यावरचे झाडून सगळे पुरुष वळले. जाळं विणणारा वळला, मास्तर वळले, फ्रीजवाला फ्रीज टाकून वळला. तुम्ही वळला नाहीत. मी आणखी मोठ्याने हाक मारली. तुम्ही ठोका द्यायचे थांबलात, मफलर नीट केलात आणि पुन्हा ठोका दिलात.

एकाने विचारलं, मावशी, कुणाला बोलावताय? मी म्हटलं, कुणाला नाही. परत लाँचमध्ये जाऊन बसले ती पलीकडे जाऊनच उठले.

विचारायला आले होते ते इथेच विचारते. आपलं घर पाडणार. पाडव्याच्या आत रिकामं करून द्यायचं आहे. तुम्हाला हे मान्य नव्हतं म्हणून तुम्ही गेलात, ते ठीक. पण बिल्डरची माणसं आली होती तेव्हा विश्वजीतने सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं होतं, अण्णा, तुमची हरकत नाही ना? तुम्ही हात हलवून 'नाही, नाही' म्हणालात. हसलातसुद्धा. पेढा तेवढा घेतला नाहीत. महिन्याने मोजणीवाले आले तेव्हा घर डोक्यावर घेतलंत, की मला कुणी विचारलंच नाही. त्याच दुपारी पिशवी भरली. पोराला खोटं पाडून गेलात. दोन वर्षं झाली, तो ते विसरलेला नाही.

तर, तुम्ही परत येणार आहात, की मी माझं बघू? दोन खोल्या शोधायच्या की एक, एवढाच प्रश्न आहे. उत्तर हो किंवा नाही. नाही असेल तर एकदाच म्हणा, दोनदा नको. दोनदा म्हटलेल्याचं काय होतं ते आपण पाहिलं.

कळावे. लोभ आहे की नाही ते तुम्ही कळवावे.

प्रेमला

ता. क. पाकिटावर तुमचं नाव शेजारच्या पद्मजाने घातलं. मी घालणार नाही हे तुम्हाला माहीत आहे.


विश्रांतवाडी
२८ जानेवारी

अहो,

उत्तर नाही. यायचंही नव्हतं, पण पोस्टमन दिसला की मी गॅलरीत जाते. तो आता मान हलवतो आणि पुढे जातो.

पद्मजाकडे हळदीकुंकू झालं. मी जाणार नव्हते. ती म्हणाली, वहिनी, तुम्ही सवाष्ण आहात, नवरा गावाला गेलाय एवढंच. गावाला गेलाय हे ती फार छान म्हणते. तिथे सगळ्या जणी मागे लागल्या, नाव घ्या, नाव घ्या. बायकांना दुसऱ्याच्या घरातलं बघायचं असतं ते उखाण्यातून बघतात. मग मीही घेतलं:

तिळगूळ घ्या म्हणतात, गोड गोड बोला,
हिंमतराव गेले आणि टीव्हीचा आवाज कमी झाला.

हसून हसून एकीच्या हातातलं वाण सांडलं. उखाण्यात आहे म्हणून नाव लिहिलं, गैरसमज नको.

घरी आले तर घर चिडीचूप. तुम्ही असताना बातम्या कोपऱ्यावरच्या वाण्यालाही ऐकू जायच्या. मी ओरडायचे, बारीक करा, बहिरे झालात का. आता बारीक करायला कुणी नाही. मी टीव्ही मोठ्याने लावला आणि तशीच बसले. काय चाललं होतं त्यावर ते विचाराल तर सांगता येणार नाही.

सामान बांधते आहे. बांधते म्हणजे उघडते, बघते आणि पुन्हा ठेवते. विश्वजीत म्हणतो, "आई, प्लीज, तू वाट बघणं सोड. अण्णा मूव्ह ऑन झालेत." मी म्हटलं, मराठीत सांग. त्याला मराठीत सांगता येईना. तो मला वाघोलीला चौदाव्या मजल्यावर न्यायला तयार आहे. सून चांगली आहे, पण चौदाव्या मजल्यावरून खाली बघितलं की मला घाटातली एसटी आठवते. वैष्णवी कात्रजला ये म्हणते. तिच्याकडे सासूबाई आहेत, आणि दोन म्हाताऱ्या एका स्वयंपाकघरात म्हणजे आगीत तेल. मी माझी कळसलाच एक खोली बघते आहे. तळमजला. गुडघे आता जिना म्हटलं की आधीच बोलायला लागतात.

मला तुमचा राग येत नाही असं मी पद्मजाला सांगते. खोटं आहे ते. घर सोडायच्या आधीची तीनचार वर्षं तुम्ही मला वागवलंत त्याचा येतो. काही विचारलं की उत्तर नाही. दिलंत तर भलतंच. नातवाला ताप आलाय म्हटलं, तर म्हणालात, कप फडताळात असेल. मी तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन बसलेय आणि हे मला कप दाखवतायत. लग्नकार्यात गेलो की तुम्ही कोपऱ्यात जाऊन बसायचात, कुणी बोलायला आलं की उठायचात. लोक मला विचारायचे, हिंमतरावांना गर्व कसला झालाय? मी काय सांगणार? मी म्हणायचे, पित्त झालंय.

धक्क्यावर पाठ दाखवलीत त्यात नवीन काहीच नव्हतं, तिकिटाचे पैसे मात्र नव्याने गेले.

दमले आहे. हो की नाही ते एका ओळीत लिहा. पोस्टकार्ड पुरे.

प्रेमला


विश्रांतवाडी
१६ फेब्रुवारी

अहो,

काल रंगनाथभावजींचा फोन आला. ते बोलतात की भाषण करतात कळत नाही, मी फोन हातभर लांब धरला तरी सामान बांधायला आलेल्या विश्वजीतला आतल्या खोलीत ऐकू जात होतं. म्हणाले, वहिनी, आज मी शपथ मोडतो. हिंमतरावाला ऐकू येत नाही.

मी म्हटलं, ऐकून घ्यायचंच नसतं त्यांना, मला ते नवीन नाही.

"तसं नव्हे हो," ते म्हणाले. "कान गेलेत त्याचे. दोन्ही."

मी खाली बसले. खुर्चीवर बसायचं होतं, पण खुर्ची बांधून ठेवली होती.

मग त्यांनी सगळं सांगितलं. प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशिनींच्या दणदणाटात जन्म काढलात, उजवा कान नोकरीतच गेला होता. डावा निवृत्तीनंतर हळूहळू गेला. फोन का उचलत नाही, तर उचलून काय करणार, कानाला लावून बसणार? ओठ बघून थोडं कळतं, म्हणून समोर बसलेल्या एका माणसाशी बोलता, चारचौघांत उठून जाता. माझं पत्र तुम्ही धक्क्यावर उभ्याउभ्या वाचलंत आणि भावजींच्या हातात आणून दिलंत. 'ही मागे उभी होती' एवढंच म्हणालात आणि त्या दिवशी जेवला नाहीत, असं ते सांगत होते. दुसरं पत्र आल्यावरही तेच. शेवटी त्यांनाच बघवेना.

आणि पेढा. भावजींनी तुम्हाला पाटीवर लिहून विचारलं म्हणे, की पोराला हो म्हणून मग उलटलास का? तेव्हा तुम्ही सांगितलंत की तुम्हाला कुणी काही विचारलंच नव्हतं. त्या बिल्डरच्या माणसाने पेढ्यांचा बॉक्स पुढे केला, सगळे तुमच्याकडे बघायला लागले, तुम्हाला वाटलं घ्या म्हणतायत. साखर आहे म्हणून तुम्ही नाही, नाही म्हणालात.

मी हे विश्वजीतला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे ते नाही पेढ्याला होतं?" एवढा मोठा बाप्या, दारात उभा राहून रडला. घराचं आता काही होणार नाही, ते करार सगळं होऊन गेलंय. पण तो खोटा नव्हता आणि तुम्हीही नव्हतात, एवढं तरी कळलं. आत्ताच्या आत्ता कांदळ्याला निघतो म्हणत होता. मी थांबवलं. म्हटलं, आधी मी.

आता तुमच्याशी भांडते, पत्रात तरी शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

कान गेले होते, तोंड शाबूत होतं ना? सांगितलं का नाहीत? मला कारण माहीत आहे. दत्तोबाकाका. तुमचे सख्खे चुलते, ठार बहिरे, त्यांना सगळं कळस भैरोबा म्हणायचं. पोरं मागून नारळ फोडल्याचं सोंग करायची, आणि पंगतीत त्यांना मीठ विचारून लोणचं वाढायचे. लग्न होऊन आले तेव्हा मीही हसले होते, तुम्ही बघितलं होतं. तुम्हाला भैरोबा व्हायचं नव्हतं. त्यापेक्षा गर्विष्ठ झालात, तुसडे झालात, घर सोडून गेलेले झालात. ते चाललं तुम्हाला.

आणि मी. बहिरे झालात का, हे मी तुम्हाला किती वेळा म्हटलं असेल. पीठ आणायला सांगितलं की म्हणायचे, बेल वाजली की म्हणायचे. रोजचं बोलणं ते. खरा प्रश्न म्हणून एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता का कोण जाणे. तोही तुम्हाला ऐकू आला नसता.

कालपासून मला तो धक्का दिसतो आहे. सगळे वळतात, तुम्ही वळत नाही. तेव्हा तुम्ही मफलर नीट केलात ते मला उत्तर वाटलं होतं. नुसता वारा होता तो. आणि मी तुमच्या ठोक्यांवर बंदराला लागले आणि तुमच्या पाठीवरून माघारी गेले. दहा पावलं पुढे येऊन खांद्याला हात लावला असता तर काम झालं असतं. पण लोकांसमोर नवऱ्याला हात लावायचा नसतो आणि नाव घ्यायचं नसतं. मग राहतं काय? अहो. त्याच्यावर तर अख्खं बंदर वळतं.

तुमचा राग धरून धरून माझे हात भरून आले होते. तो खाली ठेवला तर हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटत नाही. नुसतं दमल्यासारखं वाटतं. वाईट खूप वाटतं. ते इथे लिहिते, कारण फोनवर सांगून उपयोग नाही.

प्रेमला


विश्रांतवाडी
३ मार्च

अहो,

तुमचं कार्ड मिळालं. पोस्टमनने खालूनच हात वर करून दाखवलं. त्यानेही वाचलं असणार, उघडंच होतं. लोकांना वाचायला मिळालं हे बरंच झालं, पद्मजाला मला वेगळं सांगावं लागलं नाही.

तुम्ही लिहिता, थंडी सरली की ये. इथे दोन्ही वेळेला मासे असतात, तुझी पंचाईत होईल. आणि खाली बारीक अक्षरात लिहिता, की त्या दिवशी संध्याकाळी सोनबा हातवारे करून सांगत होता, कुणी बाई अहो म्हणाली आणि आम्ही सगळे वळलो. मी त्याला हसलो. ती तू होतीस हे पत्र आल्यावर कळलं.

हसलात ना? हसा. माझीच गंमत होती ती. मला वाचून आधी हसू आलं आणि मग बराच वेळ पुढचं काही करवेना.

पाण्याकडे पाठ करता कारण वारा सरळ तोंडावर येतो, असंही लिहिलंय. ते मी विचारलं नव्हतं, पण बरं केलंत सांगितलंत.

हो की नाही ते मात्र लिहिलं नाहीत. मीही आता पत्रातून विचारत नाही. कळसला दोन खोल्या मिळाल्या आहेत, तळमजला, मागे चिंचेचं झाड. मालकीणबाईंनी विचारलं, राहणार किती जण? मी म्हटलं, एक नक्की, दुसऱ्याचं विचारून सांगते. त्या म्हणाल्या, नवऱ्याला विचारायला एवढे दिवस लागतात का? मी म्हटलं, आमच्याकडे लागतात.

वैष्णवी कानाच्या मशीनचं म्हणते आहे. भावजी म्हणाले तुम्ही नको म्हणून बसला आहात. घ्या, नाहीतर घेऊ नका. मशीन लावलंत तर मी काय काय बोलते ते ऐकावं लागेल, याचा आधी विचार करा. न लावलंत तर मी पाटी घेऊन हिंडेन. माझं अक्षर चांगलं आहे, फक्त पाटीवर मोठ्याने ओरडता येत नाही.

येत्या रविवारी येते आहे. या वेळी विश्वजीतला सांगून. तो स्वारगेटपर्यंत सोडणार आहे, पुढे यायचं नाही असं मी बजावलंय. त्याची पाळी नंतर. आठ दिवस राहीन. मग मी एकटी परत येईन किंवा दोघं येऊ, ते तिथे समोरासमोर ठरवू. तुम्ही यायला हवं असं मला वाटतं, हे लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मला कुणी विचारलं नाही. पण तुम्हाला तिथेच बरं वाटत असेल तर तेही माझ्या तोंडाकडे बघून सांगा. मला पेढ्यासारखं उत्तर नको.

भावजी म्हणतात होळीपर्यंत सकाळची धुई असते. म्हणजे रविवारीही असेल. मला आता तिची भीती नाही. सोनबा इंजिन बंद करतील, आम्ही सगळे गप्प बसू, आणि तुमचा ठोका ऐकू येईल. तुम्हाला ऐकू येत नाही तो तुमचाच आवाज आम्हाला ऐकू येतो, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का? सोनबा म्हणाले होते, पाहुणे आल्यापासून धुईतही लाँच वेळेवर लागते.

मी हाक मारणार नाही. मारली तर पुन्हा सगळं बंदर वळेल, ज्याला मारली तो सोडून. नावही घेऊन बघितलं, परवा रिकाम्या घरात, एकटीच, मोठ्याने. जीभ अडखळली नाही. पण ते आता तुमच्या कामाचं नाही.

म्हणून तुम्ही एकच करा. रविवारी ठोके देताना पाण्याकडे तोंड करून उभे राहा. वारा लागेल. कानटोपी विणली आहे, ती घेऊन येते, तोपर्यंत तेवढा सोसा. धुईत आधी काही दिसणार नाही, तरी वळू नका. मी लाँचमध्ये सगळ्यांच्या पुढे बसणार आहे.

प्रेमला